अबूबकरने लिहिलेली वाट

अबूबकरची पत्रं घरात इद्रिसच वाचून दाखवायचा. दुसरं कोणी वाचणारं नव्हतंच. आई, सफिया, ओट्यावर खांबाला टेकून बसायची. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता, तरी ती तोंड पत्राकडे करून ऐकायची. भाबी, शहाजादी, दाराच्या आत सूप घेऊन तांदूळ पाखडत असायची आणि पत्र सुरू झालं की सुपाचा आवाज थांबायचा. अबूबकर बायकोला वेगळं पत्र लिहीत नसे. तशी रीतच नव्हती. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायचीच : ‘हे घरात नीट ऐकू जाईल असं वाच.’ ती ओळ आली की इद्रिस मुद्दाम आवाज चढवायचा आणि आई पदराआड हसायची.

त्यांचं घर खालापूरच्या कचेरीमागच्या आळीत होतं. बाप गेला तेव्हा इद्रिस सात वर्षांचा आणि अबूबकर सोळाचा. धाकट्याला पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावली ती अबूबकरनं. शाळेत घातलं, तेही त्यानंच. पुढं तो मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी झाला. नेरळच्या शहाजादीशी त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत तो सगळा मिळून अकरा महिने घरी होता.

सत्तावीस सालच्या थंडीत त्याची बोट बेल्जम देशातल्या अँटवर्प बंदराला लागली असताना त्याला फुफ्फुसाचा ताप भरला. त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून बोट निघून गेली. तीन आठवड्यांनी इस्पितळानं सोडलं आणि दुसरी बोट मिळेपर्यंत तो खलाशांच्या एका उताराघरात राहू लागला. हे सगळं पत्रातूनच कळलं. पत्रात काळजीसारखं काही नव्हतं. ‘आता बरा आहे,’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘डाक्टर म्हणतो रोज चालत जा, म्हणून रोज हे जुनं गाव बघत फिरतो. फार जुनं आहे. आपल्याकडे कोणी असं गाव पाहिलं नसेल, म्हणून एकेक जागा नीट लिहून कळवतो. कधी कोणी आपल्यातलं इथं आलंच, तर माझं पत्र हातात धरून फिरेल, कोणाला विचारायची गरज पडणार नाही.’

पहिल्या पत्रात एक चौक होता. चौकात ओळीनं झाडं, मधे कुणा चित्रकाराचा पुतळा. दुसऱ्यात होती मोठ्या चर्चच्या दारासमोरची विहीर. चौकातून सुळक्याकडे तोंड करून निघायचं, चर्चला उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, की विहिरीवर लोखंडी वेलबुट्टीचा मांडव दिसतो. तो म्हणे एका लोहारानं घडवला. त्याचं एका चित्रकाराच्या पोरीवर मन बसलं होतं आणि बाप लोहाराला पोरगी देईना, म्हणून त्यानं घण टाकला आणि चित्रं काढायला शिकला. या पत्राखालची शेवटची ओळ इद्रिसनं वाचली तेव्हा दाराआडून सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि शहाजादी उठून मागच्या पडवीत गेली.

तिसरं पत्र बाजारचौकाचं. तिथं कारंजं होतं. एक गडी राक्षसाचा तोडलेला पंजा नदीकडे भिरकावतोय, असा पुतळा, आणि खाली हौद नाहीच. पाणी नुसतं दगडांवर पडायचं आणि दगडांतच जिरायचं.

‘रोज नवी जागा बगतोय,’ आई म्हणाली. ‘म्हंजे अंगात ताकद आली.’

‘आली नाय तर काय,’ इद्रिस म्हणाला. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि खोपोली स्टेशनापासून खालापूरपर्यंत टांगा हाकत होता. दिवसभर उतारूंची हुज्जत, रात्री घोड्याची मालिश, आणि घरी आलं की आईचा एकच प्रश्न, अबू कधी येणार. डोळे पुरते जायच्या आत तिला त्याचा चेहरा बघायचा होता. आणि हा तिकडं कारंजी बघत हिंडतोय. त्या दिवशी इद्रिसला भावाचा राग आला. घरात कोणाला न सांगता, स्टेशनाबाहेर टांग्यातच बसून त्यानं पत्र लिहिलं आणि पेटीत टाकून दिलं. चारच ओळी होत्या. शेवटची ओळ अशी : ‘आईचे डोळे चालले. तुला गावभर फिरायला पाय आहेत, तर बोटीवर चढायला नाहीत का?’

मग चौथं पत्र आलं, खाटकांच्या जुन्या पेठेचं. लाल विटांची उंच इमारत, विटांमधे पांढऱ्या दगडाचे पट्टे, जसे मांसात चरबीचे थर. पाचव्यात एका चर्चच्या अंगणातली दगडी माणसं होती. ते पत्र सगळ्यांत लांब. कोणाचा हात कसा उचललेला आहे, कोणाच्या डोक्यावर कबुतर बसतं, सकाळचं ऊन आधी कोणाच्या तोंडावर येतं, सगळं बारकाईनं लिहिलेलं. सहावं मात्र अगदी छोटं होतं. ‘इद्रिसचं पत्र मिळालं. अक्षर छान झालंय. मी बोट बघतो. आईला सांग, येतोच.’

आईनं त्या दिवशी आळीत साखर वाटली. भाईला आपण ओढून आणला, या खुशीत इद्रिस आठ दिवस मिरवत होता, मनातल्या मनात. तो काय लिहून बसला होता ते कोणी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी मुंबईहून बोटीच्या ऑफिसचा कागद आला. अबूबकर वारला होता. कागदावर तारीख आणि आजाराचं नाव, एवढंच होतं.

पुढचं वर्षभर घरात कोणी धड बोललं नाही. इद्रिसनं स्वतःची समजूत घातली होती, की भाई बराच झाला होता, ताप पुन्हा अचानक उलटला, त्याला कोण काय करणार. पण त्याचं टांग्यात लक्ष लागेना. एकोणतीसच्या सुरुवातीला तो मुंबईला गेला आणि भावाच्याच ओळखीच्या एका सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, गाठून खलाशांत नाव घालून आला. सारंग म्हणाला, बोट अँटवर्पला जाईल.

आईनं आधी अन्नपाणी सोडलं. मग तीच म्हणाली, ‘जा. त्याच्या कबरीवर घरच्या कोणीतरी फातिहा म्हटला पायजे.’

निघायच्या दिवशी शहाजादीनं जुन्या ओढणीच्या कापडात शिवलेलं पुडकं त्याच्या हातात दिलं. आत सहाही पत्रं होती.

‘ते जसे फिरले तसाच फीर,’ ती म्हणाली. ‘एक पन जागा सोडू नको. मग येऊन मला सांग.’

‘सांगतो भाबी.’

‘मी तिकडं येऊ शकत नाय, इद्रिस. तू माझ्या वाटचं पन बग.’

एप्रिलमध्ये बोट अँटवर्पला लागली. पाऊस नव्हता, पण ऊन पाण्यासारखं पातळ होतं. अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन इद्रिस खाली उतरला. मोठ्या चर्चचा सुळका धक्क्यावरूनच दिसत होता. तो नजरेसमोर ठेवून, चुकत, परतत तो झाडांच्या चौकापाशी पोचला. झाडांना नुकती पालवी फुटत होती. मधे पुतळा होता. एका बाकावर बसून त्यानं पुडक्याची शिवण दातांनी उसवली आणि पहिलं पत्र काढलं.

सगळं होतं तसंच होतं. कोपऱ्यावरचं टोप्यांचं दुकान होतं, पाण्याचा नळ होता. अबूबकरनं लिहिलं होतं, ‘बाकावर बसून घंटा ऐकाव्यात, फार गोड वाजतात,’ आणि तो वाचत असतानाच वर घंटा वाजायला लागल्या.  सव्वा वर्षात पहिल्यांदा त्याला भाऊ जवळ असल्यासारखं वाटलं. लहानपणी बाजारात नेताना अबूबकर त्याचं मनगट धरून चालायचा, बोट कधी धरायचा नाही, कारण बोट सुटतं म्हणे.

दुसरं पत्र काढून तो निघाला. चर्च उजव्या हाताला ठेवलं, वळसा घातला, आणि विहीर समोर आली. लोखंडाच्या वेलींना हात लावून पाहिलं. लोखंड गार होतं आणि खूप जणांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. भाबीला काय काय सांगायचं ते तो मनात जुळवू लागला. तिसरं पत्र हातात घेतलं आणि एका बोळातून पलीकडे गेला तर बाजारचौक. सोन्याच्या रंगाची टोकं असलेली उंच उंच घरं, आणि मधोमध कारंजं. पाणी खरंच दगडांत जिरत होतं. तो तिथं किती तरी वेळ उभा राहिला. फुलं विकणाऱ्या एका बाईनं त्याच्याकडे बघून काही विचारलं. त्यानं तिला पत्र दाखवलं. तिला काय कळणार, पण तिनं मान हलवली.

खाटकांची पेठ पुढच्या दोन गल्ल्या ओलांडून होती. पट्टे बघून त्याला हसू आलं. भाईला मटणाची आठवण यायचीच. तिथून पाचवं पत्र धरून उतारानं चालत गेला आणि दगडी माणसांचं अंगण आलं. चर्चच्या भिंतीला लागून ती उभी होती, लहानमोठी, पन्नासेक तरी. एकाच्या डोक्यावर कबुतर बसलेलं होतं.

पत्रं संपली होती. चर्चच्या घंटेचे ठोके त्यानं मोजले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सगळी वाट, मधे थांबत थांबत चालूनसुद्धा, तासाभरात झाली. नुसतं चाललं असतं तर पाव तासही लागला नसता. कचेरीपासून खालापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन परत यावं, एवढीच ती. भाईनं या वाटेसाठी दोन-अडीच महिने लावले होते.

आता उताराघर शोधायचं राहिलं. कुठंतरी लांब असेल अशा समजुतीनं त्यानं एका हमालाला पाकिटामागचा पत्ता दाखवला. हमालानं पत्ता वाचला आणि बोट वर केलं. अंगणाच्या भिंतीसमोर, रस्त्यापलीकडे, हिरव्या दाराचं एक अरुंद घर होतं. वरच्या मजल्यावर एकच खिडकी.

इद्रिस त्या दाराला पाठ करून उभा राहिला. ज्या वाटेनं आला होता ती त्यानं उलटी पाहिली. सगळ्यांत जवळ हे अंगण. मग दोन वळणांवर खाटकांची पेठ. मग कारंजं, मग विहीर, आणि सगळ्यांत लांब झाडांचा चौक. पहिल्या पत्राच्या वेळी अबूबकर त्या चौकापर्यंत गेला होता. दुसऱ्याच्या वेळी विहिरीपर्यंत. मग कारंज्यापर्यंत. मग पेठेपर्यंत. दर पत्रागणिक तो आणखी अलीकडूनच मागे फिरत होता, आणि जिथून फिरला तीच जागा नवी म्हणून घरी लिहीत होता. पाचवं पत्र एवढं लांबलचक का, ते त्याला कळलं. ती दगडी माणसं खिडकीतून दिसत होती. तेव्हा भाई खाली उतरतच नव्हता.

त्यानं दार वाजवलं. ते उघडलं एका पांढऱ्या दाढीच्या माणसानं, आणि इद्रिसचा चेहरा बघून तो मराठीतच म्हणाला, ‘अबूबकरचा भाऊ काय रं तू?’

तो बाणकोटकडचा कासम. बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी, आणि आता या घरात खलाशांचं जेवण रांधायचा. त्यानं इद्रिसला स्वयंपाकघरात चुलीजवळ बसवलं आणि चहा दिला. इद्रिसनं चहाला हात लावला नाही.

‘चाचा, भाई बरा होत होता ना?’

कासमनं चुलीतलं लाकूड आत सारलं. ‘डाक्टरनं पयल्याच दिवशी मला सांगितलेलं,’ तो मग म्हणाला. ‘फुफ्फुस गेलेलं होतं. त्याला पन ठाऊक होतं. तरी रोज निघायचा. भिंत धरून जायचा, भिंत धरून यायचा. मी म्हनायचो, अरे पडून रहा. तर म्हनायचा, घरी लिवायला काय तरी नको का.’

‘मग बोट बघायला कसा गेला?’

‘तुझं पत्र आलं ना.’ कासमच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते इद्रिसला सोसवेना. ‘तीन-चार वेळा वाचलं त्यानं. मला पन दाखवलं. म्हनला, बग, भावाचं अक्षर बग, मीच शिकवलंय. मग हसला. म्हनला, पोरगा इचारतोय पाय हायत का. दुसऱ्या दिवशी घरी चार ओळी लिवल्या, कोट घातला आनि धक्क्यावर गेला. मी सोबत येतो म्हनलो, तर नको म्हनला. दोन हमालांनी उचलून आनला त्याला. चार दिवस काढले मग.’

‘काय बोलला?’

‘घरच्यांची नावं घ्यायचा. तुझं पन.’

इद्रिस खाली बघत बसला. चुलीवरचं पाणी उकळून सांडलं तेव्हा कासम उठला. नंतर तो त्याला गावाबाहेरच्या कबरस्तानात घेऊन गेला. एका कोपऱ्यात लाकडी पाटीवर अबूबकरचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. इद्रिसनं फातिहा म्हटला. मधेच त्याचा आवाज गेला, तेव्हा उरलेला कासमनं पुरा केला.

तो सप्टेंबरात खालापूरला परतला. आईला आता दार आणि भिंत यांतला फरकही कळत नव्हता. तिनं त्याचा चेहरा हातांनी चाचपला आणि सगळं विचारलं. त्यानं तिला घंटा सांगितल्या, विहीर सांगितली, कबर स्वच्छ आहे, आपल्यातलाच एक माणूस तिथं फुलं ठेवतो, असं सांगितलं. आई समाधानानं रडली. शहाजादी आतून ऐकत होती. 

दुसऱ्या दिवशी आई दुपारची झोपली तेव्हा शहाजादी मागच्या पडवीत त्याच्यासमोर येऊन बसली.

‘आता मला सांग. कालचं आयेसाठी होतं.’

‘कालचं खरंच होतं, भाबी.’

‘मग तू माझ्याकडं बगत का नाय?’

इद्रिसच्या मनात बोटीवर पाच महिने हेच चाललं होतं, सांगावं की पोटात ठेवावं. पोटात ठेवायचं असं त्यानं ठरवलंही होतं. पण ती समोर बसली आणि त्याचा धीर सुटला. त्यानं सगळं सांगितलं. वाट कोणत्या टोकाला सुरू होत होती आणि कोणत्या टोकाला संपत होती ते सांगितलं. खिडकी सांगितली. आणि शेवटी स्वतःच्या पत्राची ती ओळ, जशी लिहिली होती तशी, तोंडपाठ म्हणून दाखवली.

 पडवीच्या पायरीशी लाकडं विकणारी सोमी ठाकरीण मोळी टाकून, नेहमीसारखी हाक मारून गेली, तरी शहाजादीनं वळून पाहिलं नाही.

‘मी रोज म्हनायची, आज ते कुठवर गेले असतील,’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, लांब गेले.’

‘मला माफ कर, भाबी.’

‘तुझ्या पत्रानं ते मेले असं मी म्हनत नाय. ते मरतच होते. पन त्यांना खिडकीशी मरता आलं असतं, इद्रिस. रस्त्यात पडून नाय.’ ती उठली. दारात थांबून, पाठमोरीच म्हणाली, ‘हे तू मला का सांगितलंस? तुझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता मी ते कुठं ठेवू?’



आठ दिवसांनी ती नेरळला भावाकडे निघून गेली. जाताना तिनं आईला सलाम केला, आणि माहेरी बरं वाटत नाही कोणाला तरी, असं काहीसं कारण सांगितलं. आई रोज विचारायची, पोरगी कधी येनार. इद्रिस सांगायचा, येईल. त्यानं पुन्हा टांगा जोडला. बोटीवर परत गेला नाही. दर ईदेला तो आगगाडीनं नेरळला जायचा, भाबीच्या भावाच्या ओट्यावर बसायचा. ती शिरकुर्मा आणून ठेवायची, आईचं कसं आहे विचारायची आणि आत जायची. दुसरं ती कधी काही बोलली नाही. तिच्यासाठी दोन स्थळं आली होती, तिनं दोन्ही परतवली, असं त्याला इतरांकडून कळलं.

तेहतीस सालच्या उन्हाळ्यात आई गेली. निरोप पोचला त्याच दुपारी शहाजादी खोपोलीच्या गाडीनं आली. मय्यतीला आंघोळ तिनंच घातली, केस तिनंच विंचरले. तीन दिवस राहिली. आलेल्या-गेलेल्या बायकांचं सगळं तिनंच पाहिलं. चौथ्या दिवशी इद्रिस तिला टांग्यातून स्टेशनावर सोडायला निघाला.  खोपोलीच्या अलीकडे, डोंगरावरून बिजलीघराचे नळ उतरतात तिथं, घोडा पाणी प्यायला थांबला.

‘आयेला कळलं होतं?’ शहाजादीनं विचारलं.

‘नाय. तिला मी कायच सांगितलं नाय.’

‘बरं केलंस.’

घोड्याचं पाणी पिऊन झालं. इद्रिसनं लगाम हातात घेतला, पण टांगा हाकला नाही. तिला अजून काही म्हणायचं असेल, असं त्याला वाटलं.

‘घर आता रिकामं हाय,’ ती म्हणाली. ‘लगीन करून घे तू. एकटा नको राहू.’

‘आनि तू भाबी?’

‘माझं हाय तसं हाय,’ ती म्हणाली आणि डोक्यावरची ओढणी पुढं ओढून घेतली. ‘चल. गाडी चुकेल.’

गाडी आली, ती बायकांच्या डब्यात चढली. खिडकीशी बसली नाही, पलीकडच्या बाकावर बसली. इद्रिस फलाटावर उभा होता. गाडी निघून गेल्यावर एक उतारू सामान घेऊन त्याच्याकडे आला आणि खालापूरला येणार का, असं विचारू लागला. इद्रिसला त्याचं बोलणं दोनदा ऐकावं लागलं. मग तो हो म्हणाला, आणि त्यानं त्याची ट्रंक उचलली.